चांदीचं पाणी मोरीत ओतायचं नसतं

आमच्या घरात मोरीपेक्षा कुंडीला मान जास्त. दारातून आत आलं की डाव्या हाताला गुडघ्याएवढी सिमेंटची कुंडी, तिच्यात करडं गढूळ पाणी, काठावर झिजलेली साबणाची वडी. चांदीला ज्याचा हात लागला त्यानं हात तिथंच धुवायचे. हुपरीत घरोघर चांदीचं काम, आमच्या घरात पैंजण व्हायचे. चांदी कापली, घासली की तिची पूड उडते, बोटांच्या रेघांत बसते, नखांत शिरते. ते हात मोरीत धुतले म्हणजे चांदी गटारात सोडली, म्हणून कुंडी. केर काढला तरी तो उकिरड्यावर जात नसे, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात जाई. दिवाळीच्या आधी झारी यायचा, म्हणजे असल्या केरातून-गाळातून धातू वेगळा काढणारा माणूस, आणि कुंडीच्या तळाचा चिखल आईच्या डोळ्यांदेखत पोत्यात भरून न्यायचा. मावशीचा नवा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं कौतुकानं एक पैंजण हातात घेऊन पाहिला. जेवायला उठला तशी आई म्हणाली, "पावणं, हात हितं धुवा." त्यानं वाकून कुंडीत बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ह्या पाण्यापरीस माझं हात बरं हायत की!" आईनं ऐकलं नाही. आधी कुंडीत धुवायला लावले, मग मोरीवर तांब्याभर स्वच्छ पाणी घातलं. शेजारची हिराकाकू गल्लीभर सांगत सुटायची, "ह्यांच्या घरात पोरीला शिंक आली तरी रुमाल कुंडीत झाडत्यात!" त्यात थोडं खरंही होतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, कामाच्या पाटावर बसून तार ओढायचे. मी बाजूच्या पाटावर त्या तारेच्या कड्या जोडायचे. आई डाग द्यायची, म्हणजे फुंकणीनं ज्योत मारून सांधे पक्के करायची, आणि मग तेजाबाच्या पाण्यात बुडवून काळवंडलेला पैंजण उजळायची. तेजाबाचं वापरलेलं पाणी? तेही कुंडीतच. सकाळी सहाला आण्णांची हातोडी सुरू व्हायची आणि तिच्या ठेक्यावर आईची भाकरी थापली जायची, हातोडी थांबली की भाकरीसुद्धा थांबायची आणि आई आतून ओरडायची, "काय झालं हो?" दुपारी उजळलेले पैंजण झटकायचे, तेव्हा घरभर असा छुमछुमाट व्हायचा की शाळेतून येणाऱ्या पोरी दारात थांबून नाचून जायच्या. रविवारी सकाळी तेवढी सगळी अवजारं गप्प. आई पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायची, आणि जाण्यापूर्वी हात कुठं धुवायची हे सांगायला नकोच.

अशा घरातून मी एसटीनं कोल्हापूरला केमिस्ट्री शिकायला जायचे. डब्यात दोन भाकऱ्या, वांग्याचं कोरड्यास आणि खर्डा. खर्ड्याचा वास एसटीभर सुटायचा आणि कंडक्टर न चुकता म्हणायचा, "पोरी, तिकीट राहू दे, डबा उघड." बीएस्सी झाली, एमएस्सीचं दुसरं वर्ष आलं आणि मगदूम सरांनी मला प्रोजेक्टचा विषय दिला. सर उंच, शिडशिडीत, खडूनं पॅण्ट पांढरी झालेली, आणि बोलताना सारखे टाचा उचलणारे. म्हणाले, "हुपरीची ना तू? मग चांदीच घे. पण तुमच्या गावात दिसते तसली नाही. डोळ्यांना न दिसणारी."

सिल्व्हर नायट्रेटचं पाणी उकळत ठेवायचं, त्यात सायट्रेटचा द्राव थेंब थेंब सोडायचा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पाण्याला अगदी फिकट झाक येते, ती वाढते, आणि पाणी पिवळं होतं. त्या पिवळ्या पाण्यात चांदीचे कण तरंगत असतात, इतके बारीक की झारीचा बापही ते गाळू शकणार नाही. नॅनोकण. पहिल्यांदा ते जमलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत टुणकन उडी मारली होती, आणि लॅबचे शिपाई बंडूमामा धावत आले होते, त्यांना वाटलं भाजली पोरगी. मी ते पाणी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी नेलं आणि आण्णांच्या पाटासमोर ठेवलं.

"आण्णा, ही चांदी."

आण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बाटली उजेडाकडं धरली. "ही? पिवळी?"

"व्हय. लई बारीक केली की पिवळीच दिसती."

"सुजे, मी चाळीस वर्सं चांदी वडतोय. चांदी कवा पिवळी असती व्हय? तुला कुणीतरी गंडवलंय. मास्तर कुठला हाय?"

"कागलकडचा हाय."

"मग बरोबर," असं म्हणून त्यांनी बाटली परत केली. कागलच्या माणसांनी त्यांना काय केलं होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. आई मात्र बाटलीकडं बराच वेळ बघत राहिली. तिनं एकच विचारलं, "ह्यात खरंच चांदी हाय?" मी म्हटलं, खरंच आहे. "मग सांडू नको," म्हणाली. हे तिचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आता ती चांदी करायची काय, ते सांगते. एका नळीत नायट्रोफिनॉल नावाच्या पदार्थाचं पाणी घ्यायचं आणि त्यात सोडियम बोरोहायड्राइड टाकायचं. पाणी पिवळंधमक होतं, हळदीच्या अंगाचं. हे दोघं खरं म्हणजे एकमेकांशी जुळणारे. एक द्यायला तयार, दुसरा घ्यायला तयार. पण समोरासमोर असूनही काही घडत नाही. तासभर बघत बसा, दिवसभर बसा, पिवळं ते पिवळंच. मग त्यात नॅनोचांदीचा एक थेंब टाकायचा. थोडा वेळ शांतता. आणि मग तो पिवळा रंग विरायला लागतो, बघता बघता पातळ होतो, आणि नळीत नितळ पाणी उरतं. चांदीच्या कणावर एक येऊन देतो, दुसरा येऊन घेतो, घेणाऱ्याचं रूप पालटतं, तो निघून जातो, आणि चांदी पुढच्याला मोकळी. ती स्वतः खर्च होत नाही. ह्यालाच उत्प्रेरक म्हणतात. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती डाग देता देता म्हणाली, "म्हंजी तुमची चांदी सोयरीक जुळीवती म्हण की. आपली हिराकाकू करती तसं." मी म्हटलं अगदी तसंच, फक्त चांदी मानाची साडी मागत नाही.

आण्णांचा प्रश्न जास्त चांगला होता. ते म्हणाले, मग बारीक कशाला करता, आख्खा तुकडा टाका की. मी त्यांच्यासमोर गुळाची ढेप ठेवली. मुंग्या लागल्या तर त्यांना ढेपेची फक्त बाहेरची बाजू मिळते, आतला सगळा गूळ फुकट. ढेप फोडून भुगा केला की आतलाही गूळ बाहेर येतो आणि दसपट मुंग्या जेवतात. काम सगळं पृष्ठभागावर चालतं. म्हणून जितकं बारीक तितकं काम जास्त. आण्णांना पटलं. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, कारण ढेप मी खरोखरच फोडली होती.

मला त्या रंगाचं वेड लागलं होतं. गरज नसताना मी प्रयोग परत परत करायचे. पिवळं नाहीसं होताना बाजूला कुणी असलं की मी त्याचा हात धरून ओढायचे, "बघ बघ, आता जातंय, आता जातंय!" बंडूमामांनी तो प्रयोग शंभरदा तरी पाहिला असेल आणि दर वेळी ते म्हणायचे, "आयला, गेला की!" त्या चाळीस नळ्या, तो रंग मोजायचा खोका, दुरुस्त करून करून फुगलेली ती वही, हे सोडून मला दुसरं काही नको होतं. पण घरी पाटावर माझी जागा ठरलेली होती. आण्णा वाईट नव्हते, त्यांना हात कमी पडत होते. म्हणाले होते, "एमेश्शी कर, आमी आडवलं न्हाय. पर त्येच्यापुढं कड्या कोण जोडणार, सांग." एकच वाट होती. सरांच्या हाताशी संशोधनाला एक जागा निघणार होती, आणि सर म्हणाले होते, "तुझे आकडे पक्के निघाले, परीक्षकांसमोर टिकले, तर जागा तुझी." त्या वाक्यावर मी तीन महिने जगले.

शेवटच्या दिवसांत लिहायचं काम अंगावर आलं. प्रयोग करायचे, नळ्या धुवायच्या, साडेपाचला बंडूमामा कुलूप घालायचे, आणि वही अर्धीच. मग मी नळ्या न धुताच कागदात गुंडाळून रिकाम्या डब्यातून घरी न्यायला लागले, रात्रीच्या जेवणाआधी धुईन म्हणून. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "तू लिही की. मी धुतो." आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पुण्याकडच्या माणसांना उगीच धक्का बसतो. मी म्हटलं, जपून गं, नळ्यांत चांदी आहे. तिनं मान हलवली. सकाळी नळ्या अशा लखलखीत की बघत राहावं. रिठ्यानं घासलेल्या, उपड्या घालून वाळवलेल्या, स्वच्छ फडक्यात बांधलेल्या. लॅबमध्ये सगळे विचारायचे, कशानं धुतेस गं? मी ऐटीत सांगायचे, "आई धुते."

परीक्षक यायला आठ दिवस उरले होते. सर म्हणाले, "एकदा कोरी नळी लाव माझ्यासमोर." कोरी नळी म्हणजे चांदीचा थेंब न टाकलेली. तिच्यात पिवळं पिवळंच राहायला पाहिजे, तरच पुढच्या नळीत जे झालं ते चांदीनं केलं असं म्हणता येतं. मी ती पहिल्या महिन्यात लावली होती, दिवसभर पिवळी राहिली होती, म्हणून निर्धास्त होते. आताही लावली, आणि सरांशी बोलत उभी राहिले. सरांच्या टाचा उचललेल्याच राहिल्या. मी वळून पाहिलं. नळीतला पिवळा रंग विरत चालला होता. दहा मिनिटांत नळीत नितळ पाणी. बंडूमामा मागून म्हणाले, "आयला, गेला की!" आणि सरांचं तोंड बघून गप्प झाले.

दुसरी नळी लावली, गेला. तिसरी, गेला. बोरोहायड्राइडची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, तरी गेला. मग सरांनी कपाटातून खोक्यातली नवी करकरीत नळी काढली. तिच्यात मात्र पिवळं जे बसलं ते हलेना. म्हणजे दोष माझ्या नळ्यांत. सर हळू बोलले, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सुजाता, तुझ्या नळ्यांच्या काचेलाच काहीतरी आहे, आणि तेच रंग घालवतंय. मग तुझ्या वहीतले आकडे चांदीच्या थेंबाचे, की या घाणीचे? कधीपासूनचे खोटे समजायचे? पहिल्यापासूनचे?" मी म्हटलं, सर, नळ्या घाण असूच शकत नाहीत, आई धुते, माझ्या आईइतकं स्वच्छ कुणी धुवत नाही. सर म्हणाले, "कधीपासून बिघडलं हे पुराव्यानिशी सांगता आलं तर त्याच्या आधीचं वाचेल. नाहीतर वही मिटवून ठेव."

त्या दिवशी मी एसटीत रडले. कंडक्टरनं डब्याचं नाव काढलं नाही. घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती, आई अंगणात नळ्यांची वाट बघत होती, रिठे भिजवून तयार. माझं तोंड बघून तिनं डबा हातातून घेतला आणि पाण्याचा तांब्या दिला. मी पायरीवर बसले. ती नळ्या घेऊन आत गेली. मी उघड्या दारातून बघत होते. तिनं एक नळी घेतली, रिठ्याच्या फेसानं घासली, आणि मग, अगदी सहज, कुंडीत बुडवली. आतबाहेर खळबळून काढली, वर मोरीवर तांब्याभर स्वच्छ पाणी घातलं. दुसरी घेतली. ती बुडवली.

"आई!"

"काय गं? वरडतीस कशाला?"

"नळ्या कुंडीत का बुडवतीस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बापाचं नाव विचारलं. "तूच म्हणालीस न्हवं, ह्यात चांदी हाय म्हणून? मग त्ये पाणी मोरीत कसं वतू? तुमच्या मास्तराची चांदी गटारात घालू व्हय?"

त्या कुंडीत आमच्या घराची चांदीची पूड, पैंजणातलं तांबं, तेजाबात विरघळलेलं काय काय. काचेवर धातूचे कण बसवायला लोक महिनाभर खटपट करतात, आणि माझी आई रोज संध्याकाळी चाळीस नळ्यांना धातूचा हात फिरवत होती. डोळ्यांना दिसणार नाही इतका थर, पण कामाला तेवढा पुरे. मास्तराची चांदी वाया जाऊ नये म्हणून माझी वही बुडवत होती! मला हसू फुटलं. रडता रडता हसायला लागले ते थांबेना. आण्णा पाटावरून उठून आले, हिराकाकू भिंतीवरून डोकावली. आई घाबरली, "काय झालं गं, काय चुकलं माझं?" मी तिला मिठी मारली, तिचे फेसाचे हात माझ्या पाठीला लागले. "आई, तू नळ्यांत चांदी लावलीस!" ती म्हणाली, "लावली? मी काढत हुतो की गं!"

मग मी तिला धरून बसवलं आणि विचारलं, नीट आठव, पहिल्यांदा कधी धुतलीस? आईनं एका दमात सांगितलं, "त्यात काय आठवायचं? पौर्णिमेला तू विहारात आली न्हाईस, लिहीत बसलीस. मी खीर घिऊन आलो आणि मग नळ्या धुतलो. त्येच्याआधी तुझ्या नळ्या ह्या घरात आल्याच न्हाईत." मी वही उघडली. पौर्णिमेनंतरची पानं नऊ होती. त्याच्या आधीची सगळी, तीन महिन्यांची, लॅबच्या नळाखाली मी स्वतः धुतलेल्या नळ्यांची. तीन महिने वाचले होते.

सकाळी पहिल्या एसटीनं मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत कुंडीचं पाणी घेऊन गेले. सरांनी बाटली नाकाशी नेऊन लगेच दूर केली. खोक्यातल्या दोन नव्या नळ्या घेतल्या. दोन्हींत पिवळंधमक. एकीत काही नाही, एकीत आमच्या कुंडीचा एक थेंब. सर, बंडूमामा आणि मी वाकून बघत होतो. कुंडीचा थेंब पडलेल्या नळीतला रंग आधी थबकला, मग पातळ झाला, मग गेला. शेजारची नळी पिवळीच. सर टाचा उचलून तसेच दोन पावलं चालले. "अरे, हे तर भन्नाट आहे!" ते असं बोलतात हे मला माहीत नव्हतं. बंडूमामा म्हणाले, "सर, हुपरीचं पाणीच भारी." नळ्या तेजाबात भिजवून लख्ख केल्या, ती नऊ पानं फाडली नाहीत, त्यांच्यावर लाल रेघ मारली आणि तेवढे प्रयोग पाच दिवसांत परत केले. सर म्हणाले, "चूक लपवायची नाही. तिचंच एक प्रकरण कर." मी केलं, आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त मजा आली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आई माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, तुझं तिथं काय काम? ती म्हणाली, "माझ्यामुळं झालंय न्हवं? कुणी काय इचारलं तर मी सांगतो. तू खोटं बोलतीस असं वाटाय नको कुणाला." विहाराचं पांढरं लुगडं, हातात डबा. विभागाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला उठून उभी राहायला लागली.

परीक्षक बाहेरगावच्या बाई होत्या, केस बारीक कापलेले, चष्म्यावरून बघणाऱ्या. माझी वही त्यांनी चाळली, लाल रेघांपाशी थांबल्या. "ही पानं का रद्द?" मी सगळं सांगितलं. कुंडी, झारी, रिठे, पौर्णिमा. सांगता सांगता माझी भाषा सुटली आणि मी म्हणाले, "मग मी बाटलीतनं पाणी घेऊन आलो." बाईंनी एकदम वर पाहिलं. मला वाटलं, गेलं सगळं. त्या म्हणाल्या, "आणि ज्यांनी धुतल्या त्या कुठं आहेत?"

"भायेर बाकावर बसलीय."

आईला आत बोलावलं. बाई उठून उभ्या राहिल्या, तशी आई आणखीच गोंधळली. बाईंनी माझ्याकडून एका नव्या नळीत पिवळं पाणी करून घेतलं, आईच्या हातात ड्रॉपर दिला, कुंडीच्या बाटलीतलं पाणी तिलाच घ्यायला लावलं. आईनं फुंकणी धरायची त्या सवयीनं ड्रॉपर धरला आणि नळीत बरोबर एक थेंब सोडला, ना कमी ना जास्त. रंग जायला लागला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा ते बघितलं. तिनं तोंडावर पदर धरला. "आगं बया... गेला की गं!" बंडूमामा दारातून म्हणाले, "आक्का, माझं वाक्य घेतलासा."

रंग पुरता गेल्यावर आईनं नळी उजेडाकडं धरली, आण्णा धरतात तशी. "आन् चांदी? ती कुठं गेली?"

बाई म्हणाल्या, "आहे की आतच. ती खर्च होत नाही. काम करते आणि उरते."

"जरासुद्धा न्हाय खर्चत?"

"जरासुद्धा नाही."

आईनं नळी पदराशी धरली. "मग ही नळी मी घिऊन जातो," ती म्हणाली. "माघारी कुंडीत वतायला पायजे."

त्या खोलीत जे हसू उसळलं तसं मी नंतर कुठल्याही परिषदेत ऐकलेलं नाही. बाई टेबलावर हात आपटून हसत होत्या. हसून झाल्यावर डोळे पुसले, आणि सरांना म्हणाल्या, "हिला सोडू नका." बस, एवढंच. सर मला म्हणाले, "सोमवारपासून ये." नळीला कापसाचं बूच लावून ती आईच्या स्वाधीन करण्यात आली. आज मी कुठल्याही विद्यार्थ्याला असलं द्रावण दाराबाहेर नेऊ देणार नाही, पण ते दिवस तसे होते आणि माझ्या आईला नाही म्हणण्याची त्या विभागात कुणाची छाती नव्हती.

एसटीत आईनं नळी हुपरीपर्यंत उभी धरली, दुसऱ्या हातानं सीटची दांडी. घरी आण्णा हातोडी थांबवून बसले होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. आई आधी कुंडीपाशी गेली, नळी ओतली, नळी खळबळली, तेही पाणी ओतलं, मग हात धुतले. आणि पदराला पुसत म्हणाली, "सुजी आता पाटावर बसायची न्हाय."

आण्णांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "मग कड्या कोण जोडणार?"

"मी हाय की," आई म्हणाली.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि हातोडी उचलली. मी मात्र त्या वेळी एवढी हवेत होते की 'मी हाय की' म्हणजे काय हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. त्या दिवसापासून डाग देणंही तिचं आणि कड्या जोडणंही तिचं, पुढची बारा वर्षं. मी मजेत रंग घालवत होते.

आता पन्नाशी दारात आलीय. दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून देते: उत्प्रेरक काम करतो आणि शेवटी होता तसाच राहतो. निरोप समारंभात एखादा मुलगा हमखास म्हणतो की आई ही आपल्या आयुष्यातली उत्प्रेरक असते. सगळे टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. माझ्या आईच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत, आणि अंगठ्याच्या रेघा पार पुसून गेल्यात. रेशनच्या यंत्रावर तिचा ठसा उमटत नाही. ती होती तशी राहिलेली नाही. हे मला माहीत आहे, म्हणून वाजवत नाही.

पण घरी गेलं की ती मला आजही थेट आत येऊ देत नाही. काम केव्हाच बंद झालंय, झारीही येत नाही, कुंडी मात्र आहे तिथं आहे. दारातच अडवते आणि वाकड्या बोटानं दाखवते. "आधी हात धू. लॅबमधनं आलीस न्हवं? काय काय चिकटलं असंल, वाया जाय नको."